मुलं घरी लिहीत नाहीत? आधी या चुका थांबवा

मी शिकवणी घेते, त्यामुळे हे वाक्य कायम ऐकते, "मॅडम, बाकी सगळं करतो हो, फक्त लिहायला नको म्हणतो." वही मागवून बघितली की बहुतेक वेळा कळतं, पोराचा काही दोष नाहीये.

पहिली चूक लाल पेनाची. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मुलं वहीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायची. पाचवीतला एक मुलगा गावी आज्जीकडे होता. त्याने पानभर लिहिलं होतं, शेळी रात्रभर कशी ओरडत होती, आज्जीने बॅटरी धरली, पहाटे 'शेळिनी दोन करड दीली', त्यातलं एक उभंच राहीना म्हणून याने ते गोणपाटाने पुसलं. किती जिवंत लिहिलं होतं! पण फोटो माझ्यापर्यंत येईस्तोवर वडिलांनी एकेका चुकीला लाल गोल केला होता आणि खाली शेरा, 'शुद्धलेखन सुधार'. दुसऱ्या दिवशीचं पान आलं, 'आज मी उठलो. अभ्यास केला. जेवलो. खेळलो.' एकही चूक नाही. वडील खूश, बघा सुधारला म्हणे. अहो सुधारला नाही, त्याने अवघड शब्दच सोडून दिले! जेवढं बिनचूक येतं तेवढंच लिहायचं हे मुलं एका दिवसात शिकतात, आणि ती सवय मोडायला नंतर महिने जातात.

मी काय करते, तर आधी मोठ्याने वाचते आणि एकच प्रश्न विचारते, पण मनापासून. "ते उभं न राहणारं करडू जगलं का रे?" एवढं विचारलं तेव्हा कुठे त्याच्या ओळी परत वाढायला लागल्या. चुकांचं म्हणाल तर आठवड्याला एकच नियम घ्या. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, जसं शेळी, आजी, वाळू, अपवाद 'आणि' आणि 'नि'. हा पक्का झाला की पुढचा, शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व, म्हणजे दिली, किडा, पाहुणा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द नंतर बघू, घाई नको.

दुसरी चूक गाईड, आणि आता मोबाईलवरचं एआय. सगळ्यांची आई 'वात्सल्याचा झरा' कशी असते हो? असा निबंध आला की मी तो तपासतच नाही, परत देते आणि म्हणते आई कामावरून आली की पहिलं काय करते तेवढं पाच ओळींत लिही. पाच ओळी चालतील, पण त्याच्या स्वतःच्या हव्यात. पालकांना पटकन भरलेली वही दाखवायला हवी असते, त्याला माझा इलाज नाही.

शिक्षा म्हणून कधीच लिहायला लावू नका. रविवारी बसवून आठवड्याची पानं भरून घेऊ नका, त्यापेक्षा रोज दहा मिनिटं, चहाच्या वेळी, तुम्हीही शेजारी बसून किराणाची यादी का होईना लिहा. पण त्याच्या वहीत डोकावायचं नाही.

सतरा नंबरचा फॉर्म भरून घरून दहावी देणाऱ्यांना वेगळं सांगावं लागतं. वर्षभर व्हिडिओ बघायचे, 'डोक्यात आहे सगळं' म्हणायचं, आणि जानेवारीत येऊन मला शॉर्टकट विचारायचा. मराठी कुमारभारतीचा पेपर ८० मार्कांचा, तीन तास पेनने लिहायचा, आणि त्यातलं २४ मार्कांचं उपयोजित लेखन, म्हणजे पत्र, निबंध वगैरे, शेवटच्या विभागात. सवय नसेल तर नेमकं तिथे पोचेपर्यंत बोटं आखडतात, अक्षर मोडतं, निबंध अर्धा राहतो. याला शॉर्टकट नाहीये. दिवाळीनंतर दर आठवड्याला एक पेपर, घड्याळ लावून, मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि सुरुवातीला अर्धाच लिहून झाला तरी तीन तास संपेपर्यंत उठायचं नाही.