दरवाजा उभा की आडवा?

गाड्यांच्या रंगकामात नवा होतो तेव्हा मला सगळ्यात जास्त धास्ती ओघळाची. त्यामुळे सुटा केलेला दरवाजा पहिल्यांदा हाती आला, तो मी सरळ घोड्यांवर (कामाच्या स्टँडवर) आडवा टाकला. आडव्या पत्र्यावरून रंग ओघळणार कुठे? नाहीच ओघळला. पण दरवाजा गाडीला बसवला आणि शेजारच्या फेंडरपुढे (पुढच्या चाकावरच्या पत्र्यापुढे) तो दुसऱ्याच गाडीचा दिसायला लागला. डबा तोच, स्प्रे गन तीच, चंदेरी मेटॅलिक रंगही तोच.

झालं असं, की मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. रंग ओला असेपर्यंत ते हलतात आणि कसे पहुडतात त्यावर छटा ठरते. ओघळाची भीती गेली की हात सैल सुटतो, थर ओला बसतो, कण खाली बुडतात. त्यात पलीकडच्या कडेपर्यंत पोचताना गन तिरकी होते. तेव्हापासून मेटॅलिक किंवा पर्ल (मोत्यासारख्या चमकेचा रंग) असेल तर दरवाजा गाडीवर असतो तसाच उभा. जमलं तर फेंडरही शेजारी त्याच क्रमाने.

उभा म्हणजे कसाही टांगलेला नव्हे. बिजागरीच्या भोकांतून टांगला तर दरवाजा काटकोनात फिरतो. साध्या रंगाला चालेल, मेटॅलिकला नको. हुक किंवा स्टँडची पकड आतल्या बाजूला, दरवाजाच्या आतल्या पॅडखाली झाकल्या जाणाऱ्या भोकांत घ्या. खालची कड साधारण गुडघ्याच्या उंचीवर ठेवा, म्हणजे न वाकता गन पत्र्याला काटकोनात राहते. अंतर 15 ते 20 सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. आणि दरवाजा खालून तारेने बांधाच. हवेच्या झोताने तो डुलतो, मग अंतर काय कपाळ सांभाळणार!

बाहेरची बाजू मारण्याआधी कडा आणि आतली बाजू उरकून घ्या. खालची दुमडलेली कड नेमकी राहून जाते, आणि गंज बहुतेक वेळा तिथूनच धरतो. त्यासाठी दरवाजा उलटा, कड वर करून ठेवला तर नीट दिसतं. तिथली पाणी निचऱ्याची भोकं रंगाने बुजवू नका. पाण्याने घासलं असेल तर त्याच भोकांतून हवा मारून पाणी काढा. नाहीतर ते क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारताना टपकतं. माझं टपकलंय.

लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आणि प्रायमर (रंगाखालचा थर) घासायला मात्र आडवाच बरा, जोर देता येतो. साधा पांढरा-लाल रंग आडव्यावर मारता येतो, फक्त धूळ जास्त बसते आणि गनचा हवेचा होस पाइप ओल्या रंगावर घासण्याची भीती असते. पाइप खांद्यावरून मागे टाकायचा.

हार्डनरवाल्या (थर कडक करणारं द्रव्य मिसळलेल्या) क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासातून घातक ठरणारं रसायन असतं. धुळीचा साधा मास्क तिथे उपयोगाचा नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर ते काम घेऊच नका.

तो चंदेरी दरवाजा? घासून, उभा करून पुन्हा मारला. एक ओघळ आला, तोही खालच्या पट्टीमागे लपला.