एमएस जनरल सर्जरीचा खरा खर्च कसा काढावा

चॉइस फिलिंगच्या, म्हणजे प्रवेशासाठी पसंतीच्या कॉलेजांची यादी भरण्याच्या, आधीच हिशेब मांडा. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर वर्षनिहाय मिळते, अभिमत (डीम्ड) विद्यापीठाची एमसीसीच्या (केंद्रीय प्रवेशफेऱ्या घेणारी मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) माहितीत. कोटा नीट पाहा: व्यवस्थापन आणि एनआरआय (अनिवासी भारतीय) जागेची फी एकाच कॉलेजात बरीच वेगळी असू शकते.

कोर्स तीन वर्षांचा, म्हणून वार्षिक फी गुणिले 3, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. हॉस्टेल, मेस, अनामत रक्कम, विद्यापीठाची परीक्षा फी, प्रबंधाचा खर्च वेगळा धरा. स्टायपेंड (निवासी डॉक्टरला मिळणारं विद्यावेतन) वजा करताना कागदावरचा आकडा घेऊ नका. तो दरमहा खात्यात येतो का, हे तिथल्या सध्याच्या निवासी डॉक्टरांनाच विचारा. सरकारी कॉलेजात फी कमी, पण बंधपत्रित सेवेची (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करण्याची) अट वाचूनच सही करा.

एमसीसीकडे अभिमत विद्यापीठांसाठी 2 लाखांची परतावायोग्य अनामत लागते. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा नाकारली की ही अनामत जप्त होते, म्हणून न परवडणारं कॉलेज यादीत टाकूच नये.

कर्ज साडेसात लाखांवर गेलं की बँका सहसा तारण मागतात. मालमत्तेची कागदपत्रं आणि मूल्यांकन आधीच करून ठेवा, कारण प्रवेशाची मुदत मोजक्या दिवसांची असते. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या फक्त व्याजावर वजावट मिळते, तीही जुन्या करप्रणालीत.