इनडिझाइनमधली साफसफाई एका डबल-क्लिकवर

लेखकाकडून मजकूर येतो तो दोन-दोन स्पेस, रिकामे परिच्छेद आणि स्वल्पविरामाआधीची मोकळी जागा घेऊनच. प्रत्येक फाइलला तेच आठ-दहा फाइंड-चेंज (शोधा आणि बदला) हाताने करत बसू नका. इनडिझाइन या पानांची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरसोबत ‘फाइंडचेंजबायलिस्ट’ नावाची स्क्रिप्ट, म्हणजे यादीतले सगळे बदल एकदम करणारा छोटा प्रोग्राम, फुकट येते, पण तिकडे फारसं कुणी फिरकत नाही.

१. विंडो मेनूत युटिलिटीज, त्यात स्क्रिप्ट्स. पॅनेलमध्ये ॲप्लिकेशनखालच्या सॅम्पल्समध्ये जावास्क्रिप्टच्या फोल्डरात ती सापडेल.

२. तिच्यावर राइट-क्लिक करून मूळ फोल्डर उघडा. स्क्रिप्ट आणि शेजारचं ‘फाइंडचेंजसपोर्ट’ फोल्डर, दोन्ही पॅनेलमधल्या ‘यूजर’च्या फोल्डरात कॉपी करा. मूळ प्रतीला हात लावू नका.

३. कॉपी केलेल्या सपोर्ट फोल्डरातली यादी नोटपॅडमध्ये उघडा. एक ओळ म्हणजे एक बदल. आधीची ओळ कॉपी करून फक्त शोधायचा आणि घालायचा मजकूर बदला. रकान्यांमध्ये टॅबच असतो, तिथे स्पेस पडली की ती ओळ बिघडलीच.

४. डॉक्युमेंट उघडून यूजरमधल्या स्क्रिप्टवर डबल-क्लिक. कीबोर्ड शॉर्टकटही देता येतो, मी दिलाय.

बदल वरून खाली क्रमाने होतात, म्हणून डबल स्पेसची ओळ शेवटी ठेवलेली बरी.

एक मात्र सांभाळा. विसर्गाच्या जागी कोलन घालणारी ओळ मी एकदा उत्साहात टाकली आणि सगळ्या ‘दुःखा’त आणि ‘स्वतः’त कोलन घुसला. स्क्रिप्ट चालवण्याआधी फाइलची प्रत काढून ठेवा.