सी ड्राइव्ह आपोआप भरतोय? साफसफाईआधी या चुका टाळा

“भाऊ, मी काहीच टाकलं नाही न, तरी सी ड्राइव्ह भरून राह्यला.” नागपुरात महालातल्या पत्रिका छापणाऱ्या दुकानापासून बर्डीवरच्या अकाउंटंटच्या ऑफिसापर्यंत हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. सी ड्राइव्ह म्हणजे डिस्कचा तो भाग, ज्यावर विंडोज बसवलेलं असतं. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याने खरंच काही टाकलेलं नसतं. एखादा प्रोग्राम त्याच्या नकळत पुन्हा पुन्हा लिहीत असतो, म्हणून संध्याकाळी १० जीबी मोकळी केली तरी दोन दिवसांनी लाल पट्टी परत दिसते. अशा वेळी बहुतेक जण लग्नाचे फोटो, जुनी बिलं, मुलांचे व्हिडिओ पुसायला घेतात. ज्यांनी जागा खाल्लीच नाही अशा फायलींचा त्यात बळी जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं होतं ते. जागा कशी मोकळी करायची हे नंतर पाहू, आधी लिहितंय कोण ते शोधू.

न मोजता पुसायला लागणं

सी ड्राइव्ह उघडायचा, सगळे फोल्डर निवडायचे आणि ‘प्रॉपर्टीज’ बघायचं, ही मोजायची पद्धत फसवी आहे. लपवलेल्या फायली आणि विंडोजने स्वतःसाठी राखलेले फोल्डर त्यात धरलेच जात नाहीत. मग निवडलेल्याची बेरीज १४० जीबी येते, ड्राइव्ह २१० जीबी भरल्याचं सांगतो, आणि लोक व्हायरसला दोष देऊन मोकळे होतात.

मोजायला विझट्री किंवा विनडिरस्टॅट हा प्रोग्राम घ्या. घरच्या वापरासाठी दोन्ही फुकट आहेत. विझट्री ड्राइव्हची अनुक्रमणिका थेट वाचतं, त्यामुळे मोठा ड्राइव्हही लवकर मोजून होतो. राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, नाहीतर बंद फोल्डर त्यालाही दिसणार नाहीत. पहिल्या दिवशीच्या मोठ्या फोल्डरांचा स्क्रीनशॉट ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा मोजा. जो फोल्डर वाढला असेल तिथे शोध सुरू करायचा.

ड्राइव्ह डोळ्यांदेखत भरत असेल तर दोन दिवस थांबायचीही गरज नाही. टास्क मॅनेजरमधल्या ‘परफॉर्मन्स’ पानावरून रिसोर्स मॉनिटर उघडतो. त्यात ‘डिस्क’ टॅबवर जाऊन ‘राइट’ या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त लिहिणारी फाइल वर येते, आणि शेजारी तिच्या प्रोग्रामचं नावही असतं. इतकी सरळ साक्ष मिळत असताना अंदाजाने फायली का पुसायच्या?

एक गैरसमज इथेच दूर करतो. नवी २५६ जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसवतात ती वेगवान डिस्क) विंडोजमध्ये २३८ दिसते, ५०० ची ४६५ दिसते. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या हिशेबाने, इतकाच तो फरक आहे. त्यासाठी दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

“सगळं काम तर डी वर आहे”

डी म्हणजे डिस्कचा दुसरा भाग, आणि हे छपाईवाल्यांचं आणि फोटो स्टुडिओवाल्यांचं नेहमीचं वाक्य. इथे थोडं थांबतो, कारण लग्नसराईत नागपुरातली कितीतरी दुकानं याच ठिकाणी अडकतात.

फाइल डी वर असली तरी प्रिंट दिली की तिची एक प्रत सी वर तयार होते. विंडोज फोल्डरात सिस्टम३२, त्यात स्पूल आणि त्यात प्रिंटर्स, असा तिचा पत्ता. छापून झालं की ती पुसली जाते. पण प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’ अशी एक खूण असते. ती चुकून लागली असेल तर छापलेलं प्रत्येक काम तिथे साचत राहतं. मोठ्या बॅनरची फाइल प्रिंटरच्या भाषेत उलगडली की मूळ फाइलच्या कितीतरी पट होऊ शकते, त्यामुळे एका हंगामात हा फोल्डर फुगतो. आधी ती खूण काढा. मग ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग) थांबवा, फोल्डर रिकामा करा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. स्पूलर चालू असताना फायली पुसायला गेलात तर त्या वापरात असल्याचा निरोप येईल आणि काम अर्धवट राहील.

दुसरा प्रकार फोटोशॉपचा. रॅम, म्हणजे संगणकाची चालू कामापुरती स्मृती, अपुरी पडली की फोटोशॉप डिस्कवर तात्पुरती फाइल मांडतं आणि ठरवून दिलं नसेल तर त्यासाठी विंडोजचाच ड्राइव्ह वापरतं. प्रोग्राम नीट बंद केला की ती फाइल जाते. मे-जूनमध्ये वादळ येऊन लाइन गेली आणि यूपीएस नसेल, तर फोटोशॉपला आवरून घ्यायला वेळच मिळत नाही, फाइल तशीच पडून राहते. दर वेळी लाइन गेली की आणखी एक. ‘फोटोशॉप टेम्प’ने सुरू होणाऱ्या या फायली कित्येक जीबीच्या असू शकतात. फोटोशॉप बंद करून त्या बिनधास्त पुसा, मग ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘स्क्रॅच डिस्क्स’ म्हणून दुसरा ड्राइव्ह निवडा. लॅमिनेशन मशीन आणि संगणक एकाच बोर्डावर चालवणाऱ्यांनी तर आधी यूपीएस घ्यावा. त्याने जागाही वाचेल आणि कामही.

कोरलड्रॉ तुमच्या फाइलशेजारीच ‘बॅकअप ऑफ’ अशा नावाची जुळी फाइल ठेवतं. ही सोय बंद करू नका, अर्धवट राहिलेलं काम कधी तीच वाचवते. ग्राहकाला देऊन झालेल्या जुन्या कामांच्या जुळ्या फायली तेवढ्या काढा.

आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग आहे. ‘मी सी वर काही ठेवत नाही’ म्हणणाऱ्यांच्या डेस्कटॉपवर निम्मं दुकान मांडलेलं असतं. डाउनलोड्सचंही तसंच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर एकदा अ‍ॅपच्या कोपऱ्यात राहतो, आणि सेव्ह केला की दुसऱ्यांदा डाउनलोड्समध्ये.

विंडोज फोल्डरात हात घालणं

मोजणीत मोठे दिसले म्हणून काही फोल्डर पुसण्याचा मोह होतो. विनएसएक्सएस, म्हणजे विंडोज आपल्या घटकांच्या फायली ठेवतं तो फोल्डर, त्यात पहिला. त्यातल्या बऱ्याच फायली दोन नावांनी दिसतात, पण डिस्कवर त्या एकदाच असतात, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा मोठा भासतो. हाताने पुसलात तर अपडेट बंद पडतील, कदाचित विंडोजच सुरू होणार नाही. डिस्क क्लीनअप उघडा, ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ दाबा, ‘विंडोज अपडेट क्लीनअप’वर खूण करा. जेवढं काढण्यासारखं असेल तेवढं तेच काढतं. विंडोजच्या आतला ‘इन्स्टॉलर’ फोल्डरही सोडून द्या. तो गेला की पुढे एखादा प्रोग्राम दुरुस्त करताना किंवा काढताना अडून बसतो, आणि त्या वेळी कारण कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हायबरफिल ही फाइल मात्र खरंच जागा घेते. विंडोज १० मध्ये ती रॅमच्या साधारण ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅमला सहा-साडेसहा जीबी. हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून संगणक बंद करण्याची सोय, वापरत नसाल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ हे तीन तुकडे इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा सोडून लिहा, फाइल आपोआप जाते. मग फास्ट स्टार्टअप ही लवकर सुरू होण्याची सोयही बंद होते आणि संगणक सुरू व्हायला थोडा वेळ लागतो. एसएसडी असेल तर मला हा सौदा पटतो, जुन्या हार्ड डिस्कवर नाही.

रिस्टोअर पॉइंटची (बिघाड झाला तर विंडोज मागच्या स्थितीला नेण्यासाठीच्या नोंदींची) जागा ‘सिस्टम प्रोटेक्शन’मध्ये पट्टी सरकवून कमी करा, शून्यावर नेऊ नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच जणांनी ११ घेतलं. त्यांच्याकडे ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा जुन्या विंडोजचा फोल्डर दिसेल. तो १० दिवसांनी स्वतःच जातो. आधी काढला तर मागे परतायची वाट बंद होते.

पुसलं की पुन्हा भरतं, तरी पुसतच राहणं

इतवारीतल्या जुन्या पेढ्यांमध्ये आजही विंडोज ७ चे संगणक बिलं काढतात. त्यांना छळणारा एक दोष मुद्दाम सांगतो, कारण ‘रहस्यमय’ हा शब्द त्यालाच शोभतो. विंडोज आपल्या दुरुस्त्यांची एक नोंदवही ठेवतं, सीबीएस नावाची. ती फार मोठी झाली की बाजूला काढून दाबून लहान करायची, असा क्रम आहे. पण ती २ जीबीच्या पुढे गेली तर दाबणारा प्रोग्रामच मोडतो, आणि मोडताना ‘कॅब’ने सुरू होणारी अर्धवट फाइल विंडोजच्या टेम्प फोल्डरात सोडून जातो. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न, पुन्हा अर्धवट फाइल. तुम्ही टेम्प रिकामा करता आणि तो परत भरतो, कारण मूळ नोंदवही तिथेच असते. ‘सर्व्हिसेस’मधून विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर थांबवा, विंडोजच्या ‘लॉग्स’मधल्या सीबीएस फोल्डरातल्या त्या अवाढव्य नोंदी काढा, आणि मगच टेम्प साफ करा.

घाईच्या खुणा

सेटिंग्जमधल्या ‘टेम्पररी फाइल्स’च्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. नाव ‘तात्पुरत्या फायली’, म्हणून सगळ्यांवर खूण करत सुटलात तर तुमचा अख्खा डाउनलोड्स फोल्डर जातो. त्यात जीएसटीच्या पावत्या, प्रवेशपत्रं, काहीही असू शकतं. यादी वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या फोल्डरात, संगणकावर जागा हवी म्हणून फाइल पुसली तर ती क्लाउडवरूनही पुसली जाते. राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडा, म्हणजे फाइल क्लाउडवर राहील आणि इथली जागा सुटेल.

‘एका क्लिकमध्ये पीसी साफ’ करणारे प्रोग्राम टाकू नका. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंद) साफ करून जागा मिळत नाही. प्रोग्राम फाइल्स कट करून डी वर पेस्ट करणंही नको, प्रोग्राम मोडतात.

छोटा सी ड्राइव्ह

कधी दोष कोणत्याच प्रोग्रामचा नसतो. एसएसडीचे दोन भाग करून सी ला ६० जीबी द्यायची सवय अजून आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ६४ जीबीचं साठवण सांगितलंय, आणि ते फक्त सुरुवात होण्यापुरतं. असा सी कितीही साफ केला तरी भरणारच. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ तेव्हाच चालतं जेव्हा सी च्या लगेच उजवीकडे कोणालाही न दिलेली जागा असते. म्हणजे डी चा सगळा डेटा आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावा लागतो, मग डी काढून सी वाढवायचा. मध्ये रिकव्हरीचा, म्हणजे विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला, भाग आडवा आला तर हे काम जाणकाराकडून करून घ्या.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून मोजूनही बेरीज ड्राइव्हच्या आकड्याशी जुळत नसेल, तर फाइल सिस्टममध्येच बिघाड असू शकतो. सी वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘टूल्स’, ‘चेक’ असं जा. त्याआधी मात्र टॅलीचा डेटा आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर घ्या. डिस्क खराब व्हायला लागली असेल तर या तपासणीचा ताणही तिला सोसत नाही.