श्वसनाच्या धड्यातल्या या चुका टाळा

दहावीच्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी एक वाक्य हमखास भेटतं: 'घेतलेल्या ऑक्सिजनचा कार्बन डायऑक्साइड होतो.' नाही होत. तो कार्बन ग्लुकोजचा असतो आणि तंतुकणिकेत (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात) ग्लुकोजपासून झालेलं पायरुविक आम्ल मोडताना, पुढे क्रेब चक्र या अभिक्रियांच्या फेऱ्यात तो बाहेर पडतो. ऑक्सिजनचा नंबर अगदी शेवटी लागतो. इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या टोकाला तो इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन उचलतो, आणि त्याचं पाणी होतं. म्हणून मी श्वसनाचं समीकरण आधी पाठ करूच देत नाही. पेशी काढा, तंतुकणिका काढा, काय कुठे घडतं त्याचे बाण दाखवा, मग समीकरण.

ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन (ऑक्सिजनशिवायचं श्वसन) यांतला 'फरक स्पष्ट करा'चं उत्तर गाइडमधून घोकणाऱ्यांना वाटतं, ग्लुकोज-विघटन (ग्लुकोज मोडून पायरुविक आम्ल होणं) फक्त विनॉक्सिश्वसनात होतं. ऑक्सिजन असो वा नसो, सुरुवात तिथूनच. पेशीद्रव्यात एका ग्लुकोजमागे निव्वळ 2 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात. पुढे इथेनॉल किंवा लॅक्टिक आम्ल होताना एकही एटीपी मिळत नाही. त्या पायरीवर एनएडी (ग्लुकोज-विघटनात हायड्रोजन उचलणारा रेणू) मोकळा होतो, आणि तो मिळाला नाही तर ग्लुकोज-विघटनच अडतं.

वनस्पती चोवीस तास श्वसन करतात, फक्त रात्री नाही.

व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक आम्लामुळे नव्हे. ते तासा-दीड तासात ओसरलेलं असतं.

ऑक्सिजन असताना एका ग्लुकोजमागे एकूण 38 एटीपी हा जुना हिशेब, आजचा अंदाज 30 ते 32. परीक्षेत मात्र पुस्तकातला आकडा लिहा.

आता विनॉक्सिश्वसनाचा प्रयोग. आमच्या एका गटाने बाटलीत साखरपाणी आणि यीस्ट घालून तोंडाला फुगा लावला. दहा मिनिटांत काही होईना, तेव्हा कुणीतरी फुगा काढून किटलीतलं उकळतं पाणी ओतलं. यीस्ट मेलं, फुगा लोंबत राहिला. वहीत निष्कर्ष आला: 'ऑक्सिजनशिवाय ऊर्जा मिळत नाही.' प्रयोग फसला याचं मला काही नाही, पण त्या निष्कर्षाने जीव तुटला. घाईने फसलेल्या प्रयोगावरून मुलं निसर्गाचा नियम लिहून मोकळी झाली होती.

दुसऱ्यांदा पाणी मनगटावर टाकून पाहायला लावलं. चटका नको, नुसतं कोमट. मग तासभर बाटलीला कुणी हात लावायचा नाही. यीस्टने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडने फुगा हळूहळू उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तो सोडवला, तेव्हा बाटलीतून मद्यार्काचा वास आला, आणि तो प्रत्येकाने स्वतः घेतला.