ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात कुत्र्याची काळजी

लष्कर भागातील ज्या मराठी घरांत कुत्रा आहे, त्यांनी मे-जूनची त्याची दिनचर्या वेगळी आखावी, कारण या काळात ग्वाल्हेरचा पारा 45 अंशांच्या पुढेही जातो आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नसल्यामुळे तो मुख्यतः धापा टाकूनच शरीरातील उष्णता बाहेर टाकतो. त्याला सूर्योदयाच्या सुमारास किंवा रात्री उशिरा फिरवावे. निघण्यापूर्वी हाताची पाठ काही सेकंद डांबरी रस्त्यावर टेकवून पाहावी. चटका सोसत नसेल, तर त्याचे पंजेही भाजतील. पगसारखे आखूड नाकाचे कुत्रे या हवेत पाळूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

निरोगी कुत्र्याचे तापमान साधारणपणे 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असते. ते 41 अंशांवर गेले, चाल अडखळू लागली किंवा हिरड्या लालभडक दिसल्या, तर उष्माघात समजून त्याला सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि विलंब न करता पशुवैद्याकडे न्यावे. शुद्ध हरपत असताना तोंडात पाणी ओतू नये.

कूलरची हवा त्यालाही मिळावी, पाणी दिवसातून अनेकदा बदलावे. कांदा-लसणाची आमटी मात्र देऊ नये. आणि शिऱ्यातील बेदाणे, जे आजी प्रेमाने भरवते, त्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात.