निबंधाला बसण्याआधी

दहावीच्या मराठीच्या ८० गुणांच्या पेपरात निबंधाला ८ गुण असतात. त्याची तयारी म्हणून मुलं गाइडातले पाच-सहा निबंध पाठ करतात. मी बरीच वर्षं वह्या तपासतो आहे, पाठ केलेला निबंध दुसऱ्याच ओळीत कळतो. पावसाळ्यावर लिहायला सांगितलं की आमच्या यवतमाळकडच्या मुलाच्या वहीत नारळाच्या बागा डोलायला लागतात. ज्याच्या घरामागे बाभूळ आणि पळस आहे, झड लागली म्हणून आठवडाभर डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी, अडलेली ज्याने पाहिली आहे, त्याने नारळ का लिहावा? मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण लिहिण्यासारखं त्याच्याजवळ खूप असतं. म्हणून आधी गाइड मिटा आणि एक कोरं पान घ्या.

विषय दोनदा वाचा. तो प्रसंगलेखनाचा आहे, आत्मवृत्ताचा की वैचारिक, ते पेन्सिलीने बाजूला लिहून ठेवा. आत्मवृत्त असेल तर शेवटच्या ओळीपर्यंत ‘मी’ सुटता कामा नये. एका मुलीने संत्र्याच्या झाडाचं आत्मवृत्त फार छान सुरू केलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात मात्र ‘संत्र्याला मृग आणि आंबिया असे दोन बहार येतात’ अशी माहिती सुरू झाली आणि झाड गप्प झालं. तीच माहिती झाडाच्या तोंडून येऊ शकते: ‘मृग बहारासाठी मालक भर मे महिन्यात माझं पाणी तोडतो, तेव्हा माझी पानं माना टाकतात.’ तिला मी हे वाक्य सांगितलं, तशी तिने पुढची चार स्वतःच लिहिली.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. मला नेमकं काय सांगायचं आहे, ते एका वाक्यात लिहा. ‘मी अनुभवलेली कापूस वेचणी’ हा विषय घेऊ. ‘वेचणी फार कष्टाची असते’ हे वाक्य कोणीही लिहील. ‘माझ्या आजीची ओटी माझ्याआधी भरते’ हे तुमचं वाक्य (ओटी म्हणजे वेचलेला कापूस ठेवायला कमरेला बांधलेली झोळी). ते वरच्या कोपऱ्यात लिहा आणि खाली आठवेल ते टिपत जा. सकाळी दवाने पाय ओले होतात. पहिल्या वेच्याला सीतादही करून पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, दहीभात वाहतात. सुकलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचतात आणि संध्याकाळी जेवताना तिथेच तिखट झोंबतं. आजी दोन्ही हातांनी वेचते, मी एकाच हाताने. धुऱ्यावर बसून खाल्लेली भाकर आणि ठेचा. कापसाचा भाव. २०१७ साली विदर्भात आलेली गुलाबी बोंडअळी.

या टिपणांतली निम्मी खोडायची आहेत. बोंडअळी खरी आहे, तिने घरंच्या घरं खचवली, पण ती ‘शेतकऱ्यांपुढील प्रश्न’ अशा वैचारिक निबंधात न्या. इथे कोपऱ्यातल्या वाक्याला जे धरून आहे तेवढंच राहू द्या. खोडताना जीव तुटतो, तरी खोडा. उरलेल्यांना क्रमांक द्या: सकाळ, सीतादही, आजीचे हात, माझी बोटं, भरलेली ओटी. तुमचे परिच्छेद तयार झाले. एका परिच्छेदात एकच गोष्ट.

सुरुवात व्याख्येने किंवा सुविचाराने करू नका, थेट शेतात उतरा: ‘पऱ्हाटीत शिरलो आणि पँट गुडघ्यापर्यंत ओली झाली.’ शेवटी ‘अशा प्रकारे’ लिहायची गरज नसते. आजीने माझ्या ओटीत तिच्यातला मूठभर कापूस टाकला, इथे थांबलात तरी चालेल.

थोरांविषयी लिहायचं असेल तर तारखा आणि गावं आधी पक्की करा. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. तुकडोजी महाराज १९०९ चे, यावलीचे. मुलं या दोघांची गावं हमखास अदलाबदल करतात. खात्री नसेल तर साल गाळा, चुकीचं लिहू नका.

वऱ्हाडी बोलीची लाज नको. निवेदन प्रमाण मराठीत लिहा, पण आजी बोलेल तेव्हा तिला तिच्या भाषेत बोलू द्या: ‘पोरा, मले आता वाकनं होत नाही.’ अवतरणचिन्हं तेवढी विसरू नका.

पेपर तीन तासांचा असतो. त्यातली पंचवीस मिनिटं निबंधासाठी बाजूला काढा: पाच टिपणाला, पंधरा लिहायला, पाच वाचायला. वाचताना फक्त चुका शोधा. ‘आणि’ ऱ्हस्व आहे ना, ‘की’ दीर्घ आहे ना, पूर्णविराम सुटला का, काळ मध्येच बदलला का.

घरी सराव करताना निबंध आजीला मोठ्याने वाचून दाखवा. ती जिथे ‘असं नसते रे बाप्पा’ म्हणेल तिथे खूण करा, आणि ती ओळ तिला विचारून पुन्हा लिहा.